गासडीच्या पोटातला शिकारी

अमेरिकेच्या आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस या पट्ट्यात गवताची कापणी झाली की शेतात गोल गासड्या लोळत पडतात. जवळपास पुरुषभर उंच, एकेक अर्ध्या टनाची. आयोवातल्या पेला गावच्या गॅरी व्हर्मीर यांनी 1971 मध्ये अशा गासड्या वळणारं यंत्र बनवलं, ते एकट्या माणसाला गवताचं काम उरकता यावं म्हणून. गासडीत माणूस बसवायचं मात्र शिकाऱ्यांच्या डोक्यातून निघालं.

विचार बिनतोड आहे. हरणं जन्मल्यापासून या गासड्यांच्या आसपास चरतात आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग आतून पोकळ गासडी करून तिच्यातच ठाण मांडलं तर? असं तयार लपण बाजारात मिळतं, काहीशे डॉलरांना. किंमत वाचताच हाडाचा काटकसरी शिकारी म्हणतो, "हॅ! एवढं तर घरीच होईल," आणि तिथून खर्चाला सुरुवात होते.

सांगाडा गुरांच्या कुंपणाच्या लोखंडी जाळीचा. ती 16 फूट लांब आणि 50 इंच रुंद मिळते. गोल वळवली की व्यास पाच फुटांच्या किंचित वर भरतो, म्हणजे थेट खऱ्या गासडीएवढा. गणित देखणं आहे. फक्त त्या नळकांड्यात खुर्ची, धनुष्य, थर्मास आणि सुटलेल्या पोटासह मालक एवढं सगळं मावत नाही. त्यामुळे अनेकजण दोन जाळ्या कमानीसारख्या वाकवून शेजारी शेजारी जोडतात. वाकवलेल्या जाळीचं एक टोक हातातून निसटलं की ती काय करू शकते, हे कळल्यावर मदतीला शेजारी बोलावला जातो. शेजाऱ्याची मजुरी हिशेबात धरत नाहीत. त्याचं खाणंपिणंही नाही.

जाळीवर गोणपाट चढतं. जगातला बहुतेक ताग भारत आणि बांगलादेशात पिकतो; तेव्हा कॅन्ससच्या हरणाला गंडवायच्या कटात बंगालचा शेतकरीही नकळत सामील असतो. गोणपाटावर केबल टायनं खरं वाळकं गवत बांधलं की लपण इतकं हुबेहूब दिसतं, की कुरणातल्या गाई येऊन ते खायला लागतात. काही नुसतं अंग घासून जातात. हे टाळायला गव्हाचा पेंढा लावावा, त्यात गाईंना फारसा रस नसतो. आणि चारही बाजूंना खुंट्या ठोकाव्यात, कारण कॅन्ससचा वारा अर्ध्या टनाच्या गासडीला हलवत नसला तरी पोकळ गासडीला सोडत नाही.

एवढं झाल्यावर खरा परीक्षक येतो. व्हाइटटेल हरणाला शेतात रातोरात उगवलेली वस्तू खटकते, म्हणून लपण हंगामाच्या काही आठवडे आधीच मांडून ठेवावं लागतं. खिडकीतून उजेड आत आला तर माणसाची हालचाल दिसते. म्हणून आतून काळं कापड आणि अंगातही काळे कपडे. आणि वारा पाठीमागून हरणाकडे वाहत असेल, तर गासडीला माणसाचा वास येतो एवढंच त्याला पुरतं. गंमत अशी, की काळोख, वारा आणि वाट बघणं या तिन्ही गोष्टी जवळजवळ फुकट आहेत, आणि काटकसरी माणूस नेमकी त्यांतच कसर करतो.

रंगाची तऱ्हा वेगळीच. हरणाला निळा रंग चांगला दिसतो, भडक नारिंगी मात्र मातकट वाटतो. म्हणजे शिकाऱ्याची जुनी निळी जीन्स नारिंगी जाकिटापेक्षा जास्त चुगली करते. बंदुकीच्या हंगामात दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून काही राज्यांत लपणावरही नारिंगी कापड लावायचा नियम आहे. महिनाभर खपून केलेली गासडी शेवटी अशी झेंडा लावून उभी राहते, आणि हरणाला त्याचं काहीच वाटत नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, पण कॅमेऱ्याला नाही. माळरानावरच्या पाखरांचे फोटो काढायला हेच लपण बांबू आणि गोणपाटावर भागतं. फक्त जागा निवडताना शेतमालकाला विचारा, घरट्यापासून लांब राहा, आणि वर कडबा लावणार असाल तर गावातली गुरं कोणत्या वेळी सुटतात तेही विचारून घ्या.