हर्णैचा लिलाव आणि पुण्याचा कोच

कबड्डीचा कोच चांगला की वाईट, यावर आंजर्ले गावात फारसं दुमत नसतं. संघ जिंकला की पोरं आपली, हरला की कोच त्यांचा. दुमत असतं ते प्रो कबड्डीतल्या संघाबद्दल. ज्या घरचा पगार मुंबईहून येतो ते घर यू मुंबाचं, ज्या घरची मुलं पुण्यात शिकतात ते पुणेरी पलटणचं, आणि काही अभागी घरांत दोन्ही पक्ष एकाच टीव्हीसमोर बसतात. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना मान्य: खेळाडू निवडायची अक्कल कोचला नाही, ती ओटीवरच्या माणसाला आहे. या माणसाचा खेळाडूंच्या लिलावात एक पैसा गुंतलेला नसल्याने त्याची मतं अत्यंत निःपक्षपाती असतात. तरीही माझं म्हणणं असं की हा माणूस चुकीच्या वर्षाचा हिशेब तपासतो. या हंगामात जी चमक दिसते ती बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या भरतीची असते, आणि ती भरती झाली तेव्हा खुर्चीत भलताच कोच असू शकतो.

पैशाचा मुद्दा आधी संपवतो, कारण तो लवकर संपतो. शेजारच्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो. तिथे सर्वांत चढी बोली लावून सुरमई नेणाऱ्याच्या कालवणाची स्तुती कोणी वाळूवरच करत नाही. प्रो कबड्डीत मात्र लिलावाच्या रात्रीच ढेकर दिले जातात. दहाव्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं आणि २२ सामन्यांत २ विजय मिळवून तळ गाठला. त्याच्या आधीच्या हंगामात तमिळ थलैवाजनी याच पवनसाठी सव्वादोन कोटींवर मोजले होते. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला आणि संघ त्याच्यावाचून प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. यात पवनचा दोष शून्य. एक माणूस सात जणांची कबड्डी खेळू शकत नाही, एवढंच.

आता पलटण. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि श्रेय बी. सी. रमेश यांना गेलं. ते गैर नाही. साखळीत ९६ गुण काही आपोआप जमत नाहीत, आणि रमेश यांनी त्याआधी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सलाही जिंकवलं होतं. पण त्या संघाचा कणा पाहा. कर्णधार अस्लम इनामदार आणि चढाईतला त्याचा जोडीदार मोहित गोयत आठव्या हंगामात, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरात, नवखे म्हणून मॅटवर उतरले. तेव्हा कोच होता एके काळचा नावाजलेला खेळाडू अनुपकुमार. त्याच्या हाताखाली पलटण सातव्या हंगामात दहावी आली आणि आठव्यात पहिल्याच बाद सामन्यात घरी गेली. ओटीवरचा निकाल साहजिकच एकमताचा: खेळाडू मोठा, कोच लहान. आणि याच ‘लहान’ कोचच्या काळातल्या पोरांचा संघ पुढच्या चार हंगामांत तीनदा अंतिम फेरीत पोहोचला.

यावर कोणी म्हणेल, मोहम्मदरेझा शादलूला विसरलात का? दोन कोटी पस्तीस लाखांचा हा इराणी गडी नसता तर करंडक आला असता का? आक्षेप दमदार आहे, कारण पुढच्या हंगामात तो हरियाणाला गेला, हरियाणा विजेता झाला आणि पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. पण त्या हंगामात अस्लमही दुखापतीने बाहेर होता, हे सांगताना आवाज खाली का जातो? आणि २०२५ मध्ये शादलू नाही, रमेश नाहीत, कोच अजय ठाकूर, तरी पलटण साखळीत पहिली आली. अंतिम सामना दबंग दिल्लीने तीन गुणांनी नेला, ही गोष्ट वेगळी. महागडा गडी करंडक आणतो, मान्य. पण त्याने तो ठेवायचा कुणाच्या हातात?

दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे कोच भरती करतच नाही, मालक करतो. मग जिथे कोचच भरती करतो ते अमेरिकेचं कॉलेज बास्केटबॉल पाहू. तिथे कोच स्वतः पोराच्या घरी जाऊन आईबापांना पटवतो, त्यामुळे दोषही सरळ त्याच्याच नावावर. ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेफ्स्की १९८० मध्ये आले; दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त, आणि चाहते त्यांना हाकला म्हणत होते. १९८२ मध्ये आणलेली पोरं १९८६ ला अंतिम फेरीत गेली, पहिलं विजेतेपद १९९१ ला मिळालं, आणि निवृत्त होईपर्यंत एकूण पाच झाली. तिथला ओटीवरचा माणूसही आपल्यासारखाच निघाला, हे वाचून बरं वाटतं.

मग हरणाऱ्या कोचला कधी काढूच नये का? काढा की. पण जाताना त्याच्यामागे विशीतली किती पोरं उरली, ते आधी मोजा. या मोजणीने २०२४ च्या करंडकाचा एक वाटा अनुपकुमारला द्यावा लागेल. पुणेवाल्या घरांना हे जड जाईल, पण शेजारी तयारच आहेत. २०१५ ला यू मुंबाने करंडक जिंकला तेव्हा कर्णधार अनुपच होता. म्हणजे पुण्याचा करंडकही मुळात आमचाच, असं मुंबईवाली घरं म्हणणार, आणि टीव्हीचा रिमोट पुढचा हंगामभर त्यांच्याकडेच राहणार.