काजळाला सायकलची मूठ

सकाळी उठल्यावर पहिला तासभर माझी बोटं माझी नसतात. रात्री ती कुठंतरी पाहुणी जातात आणि अंगणात उन्हं आल्याखेरीज परतत नाहीत. संधिवाताची ही जुनी खोड आहे. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून मी त्यांची वाट बघत बसते. आमच्या म्हसावदला थंडीत सातपुडाही सकाळी धुक्यात अर्धाच दिसतो, त्याच्याही कडा हळूहळूच मोकळ्या होतात. तेवढीच मला सोबत.

बोटं आली की आरसा. नटणं म्हणावं असं माझ्याकडं फारसं काही नाही. पावडर, काजळ, टिकली आणि लग्नकार्य असलं तर लिपस्टिक. पण या चारही वस्तू मनगटात पैलवानी असलेल्या कुणीतरी बनवल्या असाव्यात असा माझा संशय आहे. काजळाची कांडी काडीएवढी बारीक, लिपस्टिकचं टोपण पूर्वजन्मीचं वैर असल्यासारखं घट्ट आणि पावडरचा डबा तर हसत हसत हातातून निसटणारा. माझ्या आईच्या वेळी अफगाण स्नो नावाची क्रीम असे. ई. एस. पाटणवाला यांनी ती १९१९ साली मुंबईत काढली. बरणीचं झाकण आई पदरात धरून फिरवायची, आणि ते उघडल्यावर घरभर जो वास सुटायचा त्यानंच निम्मं नटणं होऊन जायचं. त्याच १९१९च्या डिसेंबरात तिकडं फ्रान्समध्ये रेन्वार नावाचा मोठा चित्रकार वारला. त्याच्या बोटांना माझाच आजार होता. बोटं पार आत वळलेली, तळहातात कापडाची पट्टी, आणि कुंचला दुसऱ्या कुणीतरी हातात बसवून द्यायचं. तसल्या हातांनी त्यानं शेवटपर्यंत बायकांचे गुलाबी गाल रंगवले. मला एकच गाल रंगवायचा असतो, फार तर दोन, हे आठवलं की जरा धीर येतो.

तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट सांगितली होती. दांडा जितका बारीक तितकं बोटांना जास्त आवळावं लागतं, म्हणून वस्तूची मूठ जाड करा, कोपरं टेबलावर टेका, आणि जे काम बोटांनी करायचं ते खांद्याकडून करून घ्या. हे ऐकून मी सरळ सायकलच्या दुकानात गेले आणि हँडलची रबरी मूठ मागितली. दुकानदार म्हणाला, "कोनती सायकल शे, बाई?" मी म्हटलं, "काजळ." त्यानं मान हलवली आणि दोन मुठी पुढं केल्या. असल्या नावाची सायकल बाजारात आलीही असेल, असा त्याचा चेहरा होता. आत थोडा फोम कोंबून मी कांडी मुठीत बसवली. आता काजळ घालते तेव्हा डोळ्यात घाटाची चढण चढल्यासारखं वाटतं खरं, पण कांडी हातातून सुटत नाही. २०२३च्या जानेवारीत लॉरिआल कंपनीनं अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात हाताचा तोल सांभाळून लिपस्टिक लावून देणारं यंत्र दाखवलं. थरथरत्या हातांना चमचा धरता यावा म्हणून निघालेली युक्ती त्यांनी ओठांपाशी आणली. युक्ती छानच आहे. पण ते यंत्र म्हसावदला येईल तोवर माझी मूठ आहे, आणि सायकलवाल्याकडं अजून पुष्कळ माल आहे.

लिपस्टिकचं मात्र अजून जमलेलं नाही. माझ्या ओठांवरची रेघ म्हसावदहून धडगावकडं निघालेल्या रस्त्यासारखी जाते. सुरुवातीला सरळ, मग डोंगर दिसला की वळणं. गालांना लाली लावायला गेले तर नंदुरबारची मिरचीची पथारी. भुवईच्या पेन्सिलीनं तर एकदा कमालच केली. डावी भुवई ठीक उतरली, उजवी वर चढली ती चढलीच. पुसायचा कंटाळा केला आणि तशीच बाहेर पडले. त्या दिवशी मी काही न बोलता पपईवाल्यानं दोनदा भाव उतरवला आणि जाऊबाईंनी न विचारताच परवाच्या डाळीचा खुलासा केला. चेहऱ्यावर कायमचा संशय असण्याचे फायदे मला उतारवयात कळले.

मदतीला माणसं कमी नाहीत. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे कसे सजून उभे असतात, गोंडे काय, घुंगरं काय, आणि त्यातला एकही घोडा 'माझं मी करतो' म्हणत नाही. मीही तसं निमूट उभं राहावं असं घरातल्यांना वाटतं. एकदा भाचीच्या लग्नाला ह्यांनीच टिकली लावून दिली. ह्यांचा जन्म केळीच्या शेतात गेलेला. दोरी धरून पाच बाय पाच फुटांवर रोप लावणारा माणूस. त्यांनी आगपेटीची काडी आडवी धरली, दोन्ही भुवयांकडून अंतर मोजलं, मागं सरकून एक डोळा मिटून पाहिलं आणि मग अंगठ्यानं अशी दाबली की जणू आता पाणीच सोडायचं आहे. टिकली अगदी ओळंब्यात लागली. मांडवात जो तो म्हणाला, आज फार वेगळ्या दिसताय. दिसणारच. कपाळ माझं आणि लागवड ह्यांची.

आईचं कुंकू पिंजरीचं होतं. करंड्यातलं मेण अनामिकेवर घ्यायचं, कपाळावर गोल फिरवायचं आणि त्यावर पिंजर दाबायची. आरसा लागतच नसे. पुढं तिचीही बोटं वळली, आणि ते कुंकू आधी चंद्रकोरीसारखं, मग ओघळासारखं होऊ लागलं. होळीला काठी गावी गेलं की अंगभर पांढरे ठिपके काढलेले आदिवासी नर्तक, बुध्या, नाचताना दिसतात. एका वर्षी त्यांच्याकडं टक लावून बघत ती म्हणाली होती, "यास्ना हात कितला स्थिर व्हई!" मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मी रोज म्हणायची, आई, मी लावून देते. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे माय, मी करसू." एकदा ती तापानं पडलेली असताना मी संधी साधली आणि बंदा रुपया ठेवावा तसं गोल, देखणं कुंकू तिला लावून दिलं. तिनं हातानं चाचपलं. मी चहा घेऊन परत आले तोवर पदराच्या टोकानं ते पुसून झालं होतं आणि त्या जागी तिचं वाकडं कुंकू होतं, उशीवर थोडं सांडलेलं. मी रागावले होते. हट्टी म्हातारी, असंही म्हणाले असेन. आता रोज सकाळी ती उशी आठवते.

टिकलीचं माझं तंत्र असं आहे. पाकीट टेबलाच्या कडेवर उलटं वाकवायचं म्हणजे टिकलीची कड आपसूक उचलते. मग अंगठ्याच्या कुशीनं ती उचलायची आणि तिला कळायच्या आत कपाळावर ठेवून द्यायची. बऱ्याचदा ती अंगठ्यालाच प्रसन्न होते. कधी नाकावर उतरते, कधी घरंगळून पडते आणि दुपारी ह्यांच्या मोज्यावर सापडते. रात्री मात्र काढून आरशावर चिकटवायची सवय गेलेली नाही.

परवा बाजाराच्या दिवशी काजळ झालं, पावडर झाली, आरशात पाहिलं तर टिकलीही जागेवर, अगदी मधोमध. खूश होऊन निघाले. मेथी घेताना भाजीवाली म्हणाली, "बाई, टिकली पडी गयी तुमनी." कपाळ चाचपलं, खरंच नव्हती. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तर टिकली पुन्हा कपाळावर! मी डावीकडं सरकले, ती सरकली नाही. आदल्या रात्री आरशाला लावलेली होती तिथंच होती, आणि सकाळी तिच्यामागं मी बरोब्बर जाऊन उभी राहिले होते.

इतकी नेमकी ती कधीच लागली नव्हती. म्हणून काढलेली नाही. मी उभी राहते तेव्हा कपाळावर येते, आणि हे दाढी करायला उभे राहतात तेव्हा त्यांच्या हनुवटीवर.