आपल्या गावचा एक जण चीनला गेला

"अगं, ऐकलंस का? आपल्या गावचा एक जण चीनला गेला आणि तिकडेच अडकला," माई भिंतीपलीकडून म्हणाल्या.

मला वाटलं, कुणाचा तरी मुलगा. व्हिसाचं काहीतरी लफडं असणार. "कुणाच्या घरचा हो?"

"घर नाही ठाऊक. नाव परमार्थ. जन्म सन ४९९."

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीत माई राहायला आल्यापासून हे असंच चाललंय. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आता आम्हाला शिकवतात. समोरच्या बिल्डिंगमधला माणूस आणि दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस, दोघांचीही खबर त्यांच्याकडे सारखीच ताजी.

"बौद्ध भिक्षू होता," माई कपडे वाळत घालता घालता सांगू लागल्या. "चीनच्या लियांग राजघराण्यातला वू नावाचा बादशहा, मोठा धार्मिक. त्याचं बोलावणं आलं. हा पोथ्या घेऊन समुद्रमार्गे ५४६ साली दक्षिण चीनच्या किनाऱ्याला लागला. राजधानी गाठायला ५४८ उजाडलं. राजधानी म्हणजे हल्लीचं नानजिंग. आणि त्याच वर्षी तिथे सेनापतीचं बंड! दुसऱ्या वर्षी म्हातारा बादशहा कैदेत गेला. ज्यानं बोलावलं तोच नाही. मग काय, हा गावोगाव फिरतोय, जिथे आसरा मिळेल तिथे बसून संस्कृत पोथ्यांचं चिनी करतोय."

"मग परत का नाही आला?"

"निघाला होता की! जहाजात बसला, तर वाऱ्यानं जहाज फिरवून पुन्हा चीनच्याच किनाऱ्याला नेऊन टाकलं. शेवटी ५६९ साली तिकडेच गेला. पण वसुबंधू, असंग या बौद्ध पंडितांचे ग्रंथ चिनी लोकांना कळले त्यात या अडकलेल्या माणसाचा मोठा वाटा. आपल्या गावात त्याच्या नावाची एक पाटी दिसली तर सांग मला."

मी हे सगळं ऐकत होते कारण मुलाची नवी पुस्तकं आली होती आणि इतिहासाच्या पुस्तकाला कव्हर घालायला मी बाहेर बसले होते. माईंनी ते भिंतीवरूनच मागून घेतलं आणि अनुक्रमणिका बघून नाक मुरडलं. इजिप्त, ग्रीस, रोम, चीन, अरबस्तान. "बघ, सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्या दिल्यात आणि मधली दारं बंद. ही मंडळी एकमेकांच्या घरी कधी गेलीच नाहीत जणू."

"आपल्या उज्जैनचा काय संबंध, माई?"

ही माझी चूक म्हणा किंवा नशीब. पुढचा तासभर माझा चहा निवत राहिला.

सुरुवात कायथ्यापासून. कायथा म्हणजे इथून जवळच, मक्सीच्या बाजूचं गाव. तिथलं टेकाड आपल्या वाकणकरांनी शोधलं. विष्णु श्रीधर वाकणकरांना उज्जैनची मराठी माणसं अजून "आपले" म्हणतात. १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून खडक दिसले म्हणून उतरून गेले आणि भीमबेटकाची चित्रं जगाला दाखवली, तेच. कायथ्यात चार हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या कुऱ्हाडी निघाल्या, बांगड्या निघाल्या आणि मोहरीहून बारीक असे हजारो मणी. तसलेच मणी हडप्पाच्या लोकांकडेही. "म्हणजे तेव्हापासून बायकांना शेजारणीसारखाच हार हवा असायचा," इति माई. पुरातत्त्ववाले असं लिहिणार नाहीत, पण मला पटलं.

मग रोमन. इथे माईंचा आवाज खाली आला. भानगडीची गोष्ट आली की तो खाली येतोच.

"पहिल्या शतकात इजिप्तहून येणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं बंदरांची वही लिहिली. स्वतःचं नाव लिहायला विसरला, बाकी सगळं लिहिलं. त्यात आपलं गाव आहे, ओझेनी म्हणून. इथून अकीक, मलमल आणि जाडंभरडं कापड भरुचला उतरायचं, तिथून जहाजात. आणि बदल्यात काय यायचं, माहितेय? तांबं, कथील, शिसं, पोवळं. आणि दारू! त्यातही इटलीची जास्त पसंत."

"महाकालाच्या गावात?"

"अगं, भरुचला उतरायची. पुढे कुठवर पोचली ते वहीत नाही. राजासाठी तर चांदीची भांडी, गाणारी पोरं आणि देखण्या मुलीसुद्धा आणायचे, असं सरळ लिहून ठेवलंय मेल्यानं. माल आपला, जहाज त्यांचं, मधली मलई भरुचची."

पुढे शंभरएक वर्षांनी अलेक्झांड्रियात टॉलेमी नकाशा करायला बसला, तेव्हा त्याला उज्जैनच्या राजाचं नावही ठाऊक होतं. क्षत्रप चष्टन. टॉलेमी इथे कधी आला नव्हता. व्यापाऱ्यांच्या गप्पांवरून लिहिलं. माईंच्या मते भूगोल हे शास्त्र असंच जन्मलं.

वराहमिहिरावर मात्र त्या रेंगाळल्या, आणि खरं सांगायचं तर मीही. सहाव्या शतकात हा आपल्या अवंतीचा माणूस ज्योतिषाच्या पाच सिद्धांतांचा गोषवारा करायला बसतो, पंचसिद्धांतिका. त्या पाचांतल्या एकाचं नावच रोमक. आणि याच ग्रंथात एक हिशेब देतो: यवनपूर आणि अवंती यांच्या वेळेत फरक सात घटिका आणि वर एक तृतीयांश. यवनपूर म्हणजे अलेक्झांड्रिया, अवंती म्हणजे आपलं उज्जैन. एक घटिका चोवीस मिनिटांची, म्हणजे सहा अंश. मी मोबाइलवर गुणाकार केला, ४४ अंश आले. मग नकाशात खरं अंतर पाहिलं. जवळजवळ ४६.

"दोनच अंश चुकला?"

"आणि काशीचा फरक नऊ घटिका सांगितलाय. तोही करून बघ."

केला. ५४ आले, नकाशात ५३ च्या आसपास. मी गप्पच झाले. चंद्रग्रहण दोन गावांत कुठल्या घटकेला लागलं ते ताडून गावांमधलं अंतर काढायची रीत तेव्हा होती, हे माईंनी सांगितलं. पण त्यासाठी तिकडच्या माणसानं इकडे काहीतरी कळवायला हवं ना! हाच वराहमिहीर बृहत्संहितेत म्हणतो की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट बसलेलं आहे, म्हणून त्यांना ऋषींसारखा मान द्यावा. आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी असं लिहून पाहावं!

"आता परतीची वाट ऐक," माई. "आपल्या ज्योतिषांची मुख्य रेषा लंकेवरून उज्जैनवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी. भिनमाळच्या ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ग्रंथ लिहिला, त्यात शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची ते नियमच घालून दिले. आठव्या शतकात सिंधकडून एक शिष्टमंडळ बगदादला खलिफा मन्सूरच्या दरबारी गेलं. हे गणित त्याच सुमारास तिकडे पोचलं, अरबीत उतरलं. मग तिथल्या अल्-ख्वारिज्मीनं ग्रहताऱ्यांची कोष्टकं केली. त्याच्या रेखांशाची सुरुवात कुठून? आपल्या गावावरून. ११२६ च्या सुमारास इंग्लंडातल्या बाथ गावच्या अ‍ॅडेलार्डनं ती लॅटिनमध्ये नेली."

"म्हणजे इंग्रजांकडे उज्जैन पोचलं?"

"पोचलं, पण कसं! अरबी लिपीत एक नुक्ता हरवला, उज्जैनचं अरिन झालं. या कानाचं त्या कानाला होताना गावही हललं. विषुववृत्तावर गेलं. कोलंबसानं १४९८ च्या तिसऱ्या सफरीवरून राजा-राणीला पत्र लिहिलं, त्यात अरिन आहे. त्याच्या मते ते अरबस्तान आणि इराणच्या आखातांमधलं बेट!"

आमच्या शिप्रा नदीला उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून आम्ही रडतो, आणि कोलंबसानं आम्हाला भर समुद्रात बसवलं होतं.

दिल्लीच्या सुलतान अल्तमशाची स्वारी माईंनी एका वाक्यात उरकली. १२३४-३५, महाकालाचं देऊळ पाडलं, विक्रमादित्याची मूर्ती दिल्लीला नेली. त्यावर त्या जास्त बोलत नाहीत. मग थेट अठरावं शतक. माळव्याचा सुभेदार सवाई जयसिंग, त्यानं इथे वेधशाळा बांधली. त्याच्या पदरच्या जगन्नाथ सम्राटांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. म्हणजे ज्या टॉलेमीनं चष्टनाचं नाव लिहिलं, तो असा फिरून फिरून, बगदादच्या वाटेनं, माळव्याच्या सुभेदाराच्या दप्तरात आला. त्याच सुमारास राणोजी शिंदे आले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं आणि शिंद्यांच्या मागून आपली मराठी माणसं आली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. "आपले पूर्वज मात्र इथेच राहिले. सामान बांधायचा कंटाळा, दुसरं काय," माई म्हणाल्या.

जयसिंगाची यंत्रं पुढे मोडकळीला आली होती, ती माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली. मग गोविंद सदाशिव आपटे तिथले अधीक्षक झाले. अजूनही तिथून दरवर्षी पंचांग निघतं.

"एकवीस जूनला पोराला घेऊन वेधशाळेत चल," माईंनी पुस्तक परत दिलं. "कर्कवृत्त इथून जवळ. भर दुपारी शंकूची सावली जवळजवळ दिसेनाशी होते. पुस्तकात हे नाही."

"बाराला पोचू?"

"बाराला काय करायचंय? घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेषेचं. आपला सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या आसपास. एकेकाळी बगदादचे लोक आपल्या रेषेवरून हिशेब करत होते, आता आपण मिर्झापूरच्या घड्याळावर जेवतो! सव्वाबाराला आत असलं पाहिजे. रिक्षा तू सांग, यंत्रमहाल म्हणून सांग, नाहीतर महाकालाच्या गर्दीत नेऊन सोडेल."

"आणि ढग आले तर?"

"तर बाहेर भुट्टे खाऊ. पोराला टोपी घाल."