एकओळे

एकओळे हे आडनाव नव्हे, वृत्ती आहे. हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत शिरा, एक तरी एकओळे भेटतोच. पत्ता विचारला तर ‘स्टेशनजवळ’ म्हणणारा. मुलाला बाजारात पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘पालेभाजी’ लिहिणारा, आणि त्याने शेपू आणला की रात्रभर धुमसणारा.

सध्या एकओळेच्या टेबलावर नवं काम आहे. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेला एआय एजंट हवा आहे. अधिकाऱ्याने साध्या मराठीत प्रश्न टाकायचा, एजंटने जमिनीच्या नोंदी धुंडाळून उत्तर द्यायचं. त्यासाठी एजंटच्या हाती टूल द्यावं लागतं, आणि टूल देणं म्हणजे तीन गोष्टी लिहिणं: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि त्याला कोणती माहिती कुठल्या रूपात पुरवायची याचा तक्ता. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणलं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. दोन्हीकडे हेच त्रिकूट. आतला कोड मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच.

एकओळेने कोड लिहिला चारशे ओळींचा, नेटका, टेस्टसकट. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, ‘रेकॉर्ड शोधणे.’

शेजारी त्याचंच आणखी एक टूल होतं. त्याचं वर्णन होतं, ‘रेकॉर्ड आणणे.’ या दोघांत फरक काय, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो तेव्हा जेवायला गेला होता.

पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याने विचारलं, ‘वडगावच्या गट १२/३ वर बोजा आहे का?’ आता पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे आणि खुर्दही आहे. एजंटने हाती लागलं ते वडगाव घेतलं. १२/३ मधला ३ हा हिस्सा क्रमांक असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने ती तारीख धरली. टूलने निमूटपणे रिकामी यादी परत केली. एजंटने छातीठोकपणे कळवलं, ‘बोजा नाही.’

नोंद न सापडणं आणि बोजा नसणं यात कर्ज बुडण्याएवढं अंतर आहे.

‘मॉडेलच ढ आहे,’ एकओळेने निदान केलं आणि महागडं मॉडेल मागितलं. त्यानेही तेच केलं. मग एकओळेने वर्णनाला हात घातला. नवं वर्णन झालं: ‘रेकॉर्ड नीट शोधणे. अत्यंत महत्त्वाचे!!!’

पण एकओळेला बोलता येत नाही असं कुणी समजू नये. दुपारी चारला टपरीवर टीममधल्या नव्या मुलीने सहज विचारलं, ‘सर, या टूलला नक्की द्यायचं काय?’ आणि कटिंग निवेपर्यंत एकओळे बोलत राहिला.

‘अगं, नुसत्या गावावर कसं भागेल? जिल्हा, तालुका, गाव तिन्ही लागतात. गावाबद्दल शंका आली तर परत विचारायचं, अंदाज बांधायचा नाही. १२/३ मधला ३ म्हणजे हिस्सा, तो जसाच्या तसा पाठवायचा. मालकाचं नाव आणि बोजा बघायचा तर गाव नमुना सात, पीक बघायचं तर बारा. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन हवी असेल तर आठ-अ. त्याचं टूल वेगळं आहे, “रेकॉर्ड आणणे” म्हणतात ना, ते. क्षेत्र ०.४०.०० दिसलं की ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं वाचायचं. म्हणजे चाळीस आर. त्याला चाळीस गुंठे म्हणशील तर फसशील. आर शंभर चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. आणि यादी रिकामी आली तर “नोंद सापडली नाही” म्हणायचं. “बोजा नाही” कधीच म्हणायचं नाही!’

मुलगी हे सगळं मोबाइलवर टिपत होती. जागेवर परतल्यावर तिने त्यातले ‘अगं’ आणि ‘फसशील’ काढले आणि बाकीचं वर्णनात चिकटवलं. ‘रेकॉर्ड आणणे’ असं वर्णन असलेल्या टूलचं नावही बदलून ‘खातेदाराची जमीन’ केलं. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात टूलमागे किमान तीन-चार वाक्यं लिहावीत असं म्हटलेलं आहे. इथे त्याहून बरीच जास्त झाली. मॉडेल पहिलंच, स्वस्तातलं. प्रश्नही तोच. एजंटने उत्तर दिलं, ‘वडगाव नावाची एकाहून अधिक गावं आहेत. तालुका कोणता?’

अधिकाऱ्याने तालुका दिला. सातबारा सापडला, इतर अधिकाराच्या रकान्यातला बोजाही सापडला.

बदल मंजुरीसाठी एकओळेकडे आला. त्याने दोनदा वाचला. ‘माहिती बरोबर आहे,’ तो म्हणाला, ‘पण लांबलंय जरा. हे सगळं कुणालाही विचारलं तर कळतं की!’ कुणालाही म्हणजे त्याला. एजंट टपरीवर येत नाही, हे मुलीने सांगितलं नाही. एकओळेने मंजुरी दिली, कारण सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या.

पुढच्या सोमवारी त्याने फेरफार नोंदींचं टूल लिहून पूर्ण केलं. कोड सहाशे ओळींचा आहे. वर्णन आहे, ‘फेरफार आणणे.’