यूजर क्रमांक 1003 यांस अनावृत पत्र

रा. रा. यूजर क्रमांक 1003,
मुक्काम: आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर, 'होम' फोल्डर

स. न. वि. वि.

आपले कंत्राट संपले त्या दिवशी व्यवस्थापकसाहेबांनी आपल्याला नारळ दिला, तोही शब्दशः, वर शाल घालून. आपण टेबलाच्या खणाची किल्ली परत केलीत, ओळखपत्र जमा केलेत, चहावाल्याची उधारी चुकती केलीत आणि रीतसर बेबाकी दाखला घेऊन एसटीत बसलात. हे सगळे करणारा माणूस आता हिंजवडीत सुखाने नांदतो आहे आणि त्याच्याशी आमचे काही भांडण नाही. हे पत्र त्याच्या मागे राहिलेल्या खात्याला, म्हणजे आपल्याला आहे. बेबाकी दाखल्यावर खणाच्या किल्लीला रकाना होता, सर्व्हरच्या खात्याला नव्हता. म्हणून माणूस गेला आणि आपण राहिलात.

राहिलात ते चांगले ऐटीत, हे यंदाच्या वैधानिक लेखापरीक्षणात उघड झाले. ऑडिटरसाहेबांनी सर्व्हरच्या 'ईटीसी' फोल्डरातली 'पासवर्ड' नावाची फाइल उघडायला लावली. या फाइलमध्ये हल्ली पासवर्ड नसतो. असतात ते कोलनने तोडलेले सात रकाने: नाव, पासवर्डच्या जागी नुसता एक 'एक्स', यूजर क्रमांक, ग्रुप क्रमांक, शेरा, होम फोल्डर आणि शेवटी शेल. सगळ्यात वर शून्य क्रमांकाचे रूटसाहेब. त्यांच्याखाली 'डेमन', 'मेल', 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' अशी हजाराच्या आतल्या क्रमांकांची पडद्यामागची मंडळी, जी काम करतात पण लॉगिन करत नाहीत. मग हजारापासून पुढे आम्ही हाडामांसाची माणसे. 1000 व्यवस्थापकसाहेब, 1001 रोखपालबाई, 1002 अस्मादिक, आणि 1003 आपण.

ऑडिटरसाहेबांनी आपल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे कोण?"

"आमच्यातलेच आहेत," व्यवस्थापकसाहेब म्हणाले. सहकारात याहून भक्कम ओळख नसते.

पण ऑडिटरसाहेब पडले चिवट. त्यांनी 'शॅडो' फाइल मागितली. ही फाइल रूटची, इतरांनी डोकावायचे नाही. इथे खरा पासवर्ड असतो, तोही उलटा फिरवता येणार नाही अशा सांकेतिक रूपात. त्याच्या शेजारी एक आकडा असतो: पासवर्ड शेवटचा कधी बदलला, ते 1 जानेवारी 1970 पासूनच्या दिवसांत. आपल्या नावापुढे होते 19000. बोटे मोडून हिशेब केला तर तारीख निघते 8 जानेवारी 2022. त्यानंतर आपला पासवर्ड तसूभर हललेला नाही. पुढच्या एका रकान्यात पासवर्डची कमाल मुदत होती, 99999 दिवस. खाते उघडताना कोणी वेगळे सांगितले नाही तर लिनक्स साधारणपणे हाच आकडा टाकतो. त्याची वर्षे होतात 273 च्या वर. म्हणजे आपल्या पासवर्डची मुदत थेट 2295 सालापर्यंत. आमच्या ठेवीदारांना एवढ्या लांब मुदतीची ठेव आम्ही कधी देऊ केलेली नाही, आणि केली असती तरी त्यांनी आमच्यावर तेवढा विश्वास ठेवला नसता.

असली जुनी पाने कोण चाळत बसतो, असे आपल्याला वाटत असेल. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनाही 1980 च्या सुमारास तसेच वाटले असावे. त्या काळी पासवर्डची सांकेतिक रूपे सर्वांना दिसणाऱ्या त्या 'पासवर्ड' नावाच्या फाइलमध्येच असत. बर्कलीच्या युनिक्सच्या जुन्या प्रतीत ती फाइल तशीच राहिली, हौशी मंडळी तिच्यामागे लागली आणि 2019 मध्ये थॉम्पसन यांचा पासवर्ड फुटला. निघाली बुद्धिबळातली एक सलामीची खेळी, वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे. एवढ्या मोठ्या माणसाचे एवढे अवघड गुपित चार दशकांनी बाहेर आले. आपल्या गुपितात संस्थेचे नाव आणि पुढे 123 आहे, हे शिपाईसुद्धा जाणतो.

आपल्याला घालवायचा प्रयत्न झालाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मागच्या ऑडिटनंतर तालुक्याहून एक तंत्रज्ञ बोलावला होता. त्याने खाते लॉक करायची आज्ञा दिली आणि चहा पिऊन, बिल लावून गेला. लॉक करणे म्हणजे 'शॅडो' फाइलमध्ये आपल्या सांकेतिक पासवर्डाआधी एक उद्गारचिन्ह बसवणे. त्या चिन्हामुळे टाइप केलेला कोणताच पासवर्ड जुळत नाही. संचालक मंडळाने टाळ्या वाजवल्या, इतिवृत्तात ठराव लिहिला, सूचक-अनुमोदकांची नावे घातली. आपण तिकडे हसत असाल. कारण आपल्या होम फोल्डरात 'डॉट एसएसएच' नावाची लपलेली डिरेक्टरी आहे आणि तीत 'ऑथोराइज्ड कीज' ही फाइल. तिच्यात आपल्या जुन्या लॅपटॉपची सार्वजनिक की जशीच्या तशी पडून होती. कीने येणाऱ्याला पासवर्ड कोणी विचारत नाही, त्यामुळे उद्गारचिन्ह बहुतेक ठिकाणी नुसते दारावरचे तोरण ठरते. त्या आज्ञेच्या मदतपानावरच स्पष्ट लिहिले आहे की याने खाते बंद होत नाही, खाते बंद करायचे तर त्याची मुदत संपवा. पण मदतपान वाचायला बिल लावता येत नाही.

त्याच तंत्रज्ञाने जाता जाता आणखी एक उपकार केला. व्यवस्थापकसाहेबांना प्रिंटरच्या ग्रुपमध्ये घालायचे होते. त्यासाठीच्या 'यूजरमॉड' या आज्ञेला कॅपिटल जी देताना त्याच्या आधी छोटा ए द्यावा लागतो, म्हणजे नवा ग्रुप जुन्यांत मिळवला जातो. ए राहिला की माणूस सांगितलेल्या ग्रुपात जातो आणि बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो. व्यवस्थापकसाहेब प्रिंटरवाले झाले आणि सुडोवाले, म्हणजे गरजेला रूटचे अधिकार वापरू शकणारे, राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुडो लावून सर्व्हर रिस्टार्ट करायला घेतला, तर पडद्यावर आले की आपले नाव सुडोच्या यादीत नाही आणि या घटनेचा अहवाल दिला जाईल. साहेब लालबुंद. "अहवाल? माझा? कोणाला?" अहवाल रूटच्या टपालपेटीत जातो आणि ती पेटी कोणी उघडत नाही, हे ऐकल्यावर ते निवळले. आमच्याकडच्या बऱ्याच अहवालांची हीच वाट असते.

विशेष म्हणजे आपण तेव्हाही सुडोच्या ग्रुपात होता आणि यंदाच्या ऑडिटपर्यंत राहिलात. संस्थेच्या व्यवस्थापकाला नाही ते अधिकार, संस्था सोडून गेलेल्याला!

आता मुद्द्याचे. एवढे सगळे ठाऊक असून आपल्याला कोणी हात का लावत नव्हते? कारण रोज रात्री दोन वाजता ठेवी-कर्जांच्या डेटाबेसचा बॅकअप होत असे, तो आपल्या क्रॉनटॅबमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतून. महिन्याच्या पहिल्या तारखेला चेअरमनसाहेबांच्या टेबलावर थकबाकीची यादी येई, तीही आपणच बनवत होता. आपण म्हणजे पाच ओळींची एक स्क्रिप्ट, जी त्या गेलेल्या माणसाने एका दुपारी घाईत लिहिली. खाते बंद करू म्हटले की रोखपालबाई म्हणत, "आणि यादी?" चेअरमनसाहेब म्हणत, "राहू दे की. खातंय काय तुमचं?" आम्ही मारे सुरक्षेच्या गप्पा मारतो, पण संस्थेचा कारभार आम्ही एका कंत्राटी माणसाच्या नावावर चालवत होतो आणि तो नसताना तर जास्तच बिनबोभाट चालवत होतो. लाज वाटायची तर आपल्याला नाही, आम्हाला.

रोखपालबाईंची भीती खोटीही नाही. खात्याची मुदत संपवली की हल्लीचा क्रॉन ते खाते तपासतो आणि काम नाकारतो. मुकाट्याने नाकारतो. बॅकअप झाला नाही हे कळते, तेव्हा बॅकअपची गरज लागलेली असते.

मग सरळ पुसून टाका, असे एका तरुण संचालकांनी सुचवले. 'यूजरडेल' चालवले तर सर्व्हर म्हणाला, हे यूजर सध्या एका प्रोसेसमध्ये गुंतलेले आहेत. घरी वसुलीला माणूस गेला की 'साहेब पूजेत आहेत' म्हणतात, तो सूर. प्रोसेस मारून पुन्हा चालवले असते तर ओळ गेलीही असती, पण आपल्या फाइल तशाच राहिल्या असत्या. डॅश आर लावले तर होम फोल्डर आणि टपालपेटी जाते, तेही स्क्रिप्टसकट. बाहेर इतरत्र विखुरलेल्या फाइल मात्र जागच्या हलत नाहीत. इथे खरी मेख आहे. डिस्कवर फाइलच्या मालकाचे नाव लिहिलेले नसतेच, नुसता क्रमांक असतो. नाव त्या सात रकान्यांच्या फाइलमधून शोधून दाखवले जाते. ती ओळ पुसली की मालकाच्या जागी कोरडे '1003' उरते.

आमच्या तालुक्यात असे सातबारे पैशाला पासरी मिळतात. मयताचे नाव वर्षानुवर्षे तसेच, वारसनोंद कोणी केलेली नाही, फेरफार प्रलंबित. फरक एवढाच की तलाठी मयताची जमीन पुढच्या येणाऱ्याच्या नावावर आपोआप चढवत नाही. लिनक्स चढवतो. 'यूजरअ‍ॅड' नवा क्रमांक देताना असलेल्या सगळ्यांच्या पुढचा क्रमांक घेतो, आणि यादीत सर्वांत शेवटचे आपण. आपल्याला पुसून दुसऱ्या दिवशी नव्या लिपिक मुलीचे खाते उघडले असते, तर तिला 1003 मिळाला असता आणि आपण मागे ठेवलेली प्रत्येक फाइल, थकबाकीदारांच्या याद्यांसकट, तिच्या मालकीची झाली असती. अर्ज नाही, नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही.

तेव्हा आपल्याला न पुसता निवृत्त करायचे ठरले आहे. क्रम आपल्या माहितीसाठी कळवतो. आधी बॅकअपसाठी एक वेगळे सेवा-खाते उघडले, हजाराच्या आतल्या क्रमांकाचे, शेलच्या जागी 'नोलॉगिन' असलेले. क्रॉनची दोन्ही कामे त्याच्याकडे दिली. एक रात्र जाऊ दिली, आणि सकाळी बॅकअपची फाइल नुसती आहे का एवढेच न बघता ती दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिली. मग 'फाइंड'ने आपल्या क्रमांकाच्या सगळ्या फाइल शोधल्या. काही तर 'टेंप' फोल्डरात निघाल्या, काही वेबसाइटच्या फोल्डरात, 777 परवानगी लावलेल्या, कोणीही यावे लिहून जावे अशा. त्यांचा मालक 'चोन'ने बदलून फेरफार केला, परवानग्या आवळल्या. की काढली, सुडोतून नाव काढले. शेवटी खात्याची मुदत मदतपानातल्या शिफारशीप्रमाणे 1 या आकड्याने संपवली. त्यामुळे नोंदीनुसार आपले खाते 2 जानेवारी 1970 रोजी मुदतबाह्य झाले आहे. तेव्हा आपली संस्था नव्हती, लिनक्स नव्हते, आणि आपल्या माणसाचे आईवडीलही शाळेत असावेत. सरकारी नोंदींची सवय असल्याने आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

ज्यांच्या कचेरीत लिनक्सचा सर्व्हर आहे अशा इतर संस्थांच्या व्यवस्थापकांनी हे पत्र वाचले असेल, तर त्यांना एकच विनंती. उद्या 'गेटएंट पासवर्ड'ने यादी काढा, हजारापासून पुढची नावे कागदावर घ्या आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचे टेबल लिहा. ज्याचे टेबल सापडणार नाही, त्याचा क्रॉनटॅब आधी वाचा, मग 'की'ची फाइल उघडा, आणि खात्याला हात त्यानंतर लावा. बेबाकी दाखल्याच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवायला छापखाना जास्तीचे पैसे घेत नाही, चौकशी केली आहे.

कळावे.

आपला,
यूजर क्रमांक 1002

ता. क. नव्या लिपिक मुलीचा क्रमांक 1004 आहे. तिच्या बेबाकी दाखल्याचा नवा नमुना ती रुजू झाली त्याच दिवशी फाइलला लावला.