खिशातला खटका

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळात एखादे तरी चाकूवाले असतात. ते चेहऱ्यावरून नाही, पँटवरून ओळखू येतात. कमरेचा पट्टा एका अंगाला कललेला दिसला, की समजावं, तिथे चामड्याच्या म्यानात बक ११० आहे. १९६४ साली बाजारात आलेला, पितळी टोकांचा, लाकडी मुठीचा, पावणेचार इंच पात्याचा हा घडीचा चाकू शिकाऱ्यांसाठी घडवलेला. वजन जवळजवळ २०० ग्रॅम. चाकूवाले जन्मापासून शाकाहारी.

शिवाय खिशात स्पायडर्कोचा डेलिका असतोच. १९९० पासूनचा, जपानमधल्या सेकी गावात बनणारा, जेमतेम ७० ग्रॅमचा. पात्याला गोल भोक, त्यात अंगठा टेकवला की एका हाताने उघडतो. बकला दोन हात आणि एक शाबूत नख लागतं. रोज सकाळी ऑफिसला निघताना ‘आज कोण?’ हा प्रश्न ते ज्या गांभीर्याने घेतात, तेवढ्या गांभीर्याने त्यांनी घराचं कर्जही घेतलं नव्हतं. शेवटी दोघेही सोबत निघतात.

दोन्ही जातीचे लॉकबॅक. मुठीच्या पाठीत एक पट्टी असते. पातं पुरतं उघडलं, की स्प्रिंगच्या जोराने पट्टीचा आकडा पात्याच्या बुडाच्या खाचेत जाऊन बसतो. खट्! आता ती पट्टी दाबल्याशिवाय पातं बोटांवर मिटायचं नाही. हा ‘खट्’ चाकूवाले पाहुण्यांच्या कानाशी नेऊन ऐकवतात. बकचा खर्जातला, डेलिकाचा जरा चढा. कुणी फ्रान्सच्या ओपिनेलचं नाव काढलं तर नाक मुरडतात. त्याची गोल कडी फिरवून पातं अडकवायचं, म्हणजे घराणंच निराळं! सासूबाईंनी हा ‘खट्’ पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यांना हिंदी सिनेमातला रामपुरी आठवला आणि त्यांनी मुलीला आत बोलावून ‘सगळं ठीक आहे ना गं?’ म्हणून विचारलं.

एवढ्या हत्यारांनी कापलं मात्र काहीच जात नाही. सफरचंदाने पात्यावर डाग पडेल, पुठ्ठ्याने धार जाईल. घरातली भाजी विळीवर चिरली जाते. नव्या चाकूचं पार्सल आलं, की ते गाडीच्या किल्लीने फाडतात.

परवा गणपतीचं मखर बांधताना एका वहिनींनी हाक मारली, “भाऊजी, चाकू आहे ना तुमच्याकडे?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मागितला होता. चाकूवाल्यांचा चेहरा उजळला. “काय कापायचंय?”

“दोरी.”

“तागाची की नायलॉनची? नायलॉनला दातेरी पातं बरं, पण ते नेमकं घरी राहिलंय. बक देतो. नाही, थांबा, बकचं पातं खोलगट घासलेलं असतं, डेलिकाचं सपाट. तुमचा हात डावा की...”

तोवर वहिनींनी दोरी दातांनी तोडून गाठही मारली होती.

चाकूवाले कळवळले. “वहिनी, जपून हो! दातांना लॉक नसतं!”