काळीपिवळीला कोण विचारतो?

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उतरली. शेवटच्या गाडीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत, ती भरली. वर्तमानपत्रांत निरोपाचे लेख आले, मोठमोठ्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. निदान एक टॅक्सी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली. त्याआधी दीड महिना, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस बंद झाली, तेव्हा लोकांनी ती फुलांनी सजवून शेवटच्या फेरीला सोडली होती.

मुंबईने हे केलं ते चांगलंच केलं. प्रश्न आपल्याला आहे. खामगाव–शेगाव, मेहकर–लोणार, बुलढाणा–चिखली, देऊळगाव राजा–जालना या रस्त्यांवर ज्या काळ्यापिवळ्या जिपांनी बुलढाणा जिल्ह्याच्या दोन पिढ्यांची ने-आण केली, त्यांचा निरोप कोणी घेतला? त्यातली एक तरी गाडी कोणी झाकून ठेवली आहे का? एकेक करून त्या भंगारात चालल्या आहेत आणि जिल्ह्यात कोणाच्या तोंडून हूं की चूं निघत नाही. ज्या गाडीतून आपण कॉलेजला गेलो, दवाखान्यात गेलो, सासरी गेलो, ती गाडी आपल्याला ‘क्लासिक’ वाटतच नाही. क्लासिक म्हणजे राजवाड्यातली लांबलचक मोटार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

ते बसवणारे नियमही आहेत. फिवा ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या व्याख्येप्रमाणे ऐतिहासिक गाडी किमान ३० वर्षांची हवी, इतिहासाला धरून जपलेली हवी आणि रोजच्या वाहतुकीसाठी वापरात नको. भारताने जुलै २०२१ मध्ये स्वतःचा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, इंधन भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

म्हणजे जिने काम करणं थांबवलं तिला मान, आणि जी कामाला जुंपलेली आहे तिला काही नाही. गाडी ५० वर्षं छपराखाली उभी ठेवणं ज्यांना परवडलं, त्यांच्यासाठी ही व्याख्या लिहिलेली आहे. संस्थानिकाच्या रोल्स-रॉइसला ती नेमकी बसते. मेहकरच्या कमांडर जिपेला कधीच बसणार नाही.

१९९५ ला पासिंग झालेली कमांडर २०४५ मध्ये पन्नाशी गाठेल. तोवर तिच्यात मूळ काय उरणार? राजूर घाटाच्या चढावर रेडिएटर उकळून उकळून हेड वाकलं, ते बदललं. इंजिन पहिल्यांदा बोर केलं, मग दुसऱ्यांदा, मग कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं. पाटे तुटले, गावच्या लोहाराने एक जास्तीचा पाटा चढवून दिला. मागच्या फळ्या वेल्डरने लांब केल्या, मागे पायरी लावली, टपावर सामानासाठी जाळी बसवली. नियमाच्या भाषेत हा सगळा ‘फेरफार’. माझ्या मते हाच तिचा इतिहास. त्या गाडीवरच्या प्रत्येक वेल्डिंगमागे एक कारण आहे, एक मिस्त्री आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायची असलेली एक फेरी आहे. वाटायच्या पाट्याला टाकी लावली म्हणून पाटा परका होत नाही.

आणि जिपेचं मूळ रूप तरी कोणतं धरायचं? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलिस जीप महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत जोडायला घेतली. मग ती इथेच घडू लागली. पेट्रोलची डिझेल झाली, प्यूजोच्या बनावटीचं इंजिन तिच्यात आलं, आखूड होती ती लांब झाली, समोर तोंड करून बसायच्या सीटांऐवजी मागे आमनेसामने फळ्या आल्या. सैन्याची गाडी आधी साहेबाची झाली, मग शेतकऱ्याची, मग सगळ्या गावाची. रूप बदलत बदलतच ती आपल्यापर्यंत पोचली आहे. तिच्याकडे मूळ रूपाचा दाखला मागणं म्हणजे तिचा प्रवासच नाकारणं.

एसटीचंही तेच. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत एसटीने वर्षानुवर्षं चासीवर बॉडी बांधल्या, जुन्या चासीवर नव्या बॉडीही चढवल्या. महाराष्ट्राची लाल बस हीच मुळी अशी बांधून-सांधून चालवलेली वस्तू आहे. व्हिंटेजचा नियम दुचाकी-चारचाकीचा. त्यात एसटीला जागाच नाही.

एसटीचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. दरवर्षी १ जूनला एसटीचा वाढदिवस होतो. १९४८ साली त्या दिवशी नगर–पुणे ही पहिली बस धावली. त्या दिवशी बुलढाणा मुंबई प्रांतात नव्हताच. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झालं. त्याआधी वऱ्हाडात कोणत्या गाड्या धावत होत्या, घाटरस्त्यांवर त्या कशा चढत, तिकीट किती होतं, हे जाणणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. नगर–पुणे बसची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आपल्या पहिल्या बसची गोष्ट आपल्यालाच माहीत नाही.

काळीपिवळीकडे परत येतो, कारण खरी ओढ तिचीच आहे. ज्या गावाला दिवसातून दोनदा एसटी, तिथे बाकीचा सगळा दिवस तिचा. सीट भरल्याशिवाय ती हलत नसे. “मावशी, जराक सरका” म्हणत क्लीनर पोरगा माणसांमध्ये माणूस बसवी. बाजाराच्या दिवशी टपावर भाजीची गाठोडी, आत कोंबड्या, दाराला लटकलेली चार पोरं. सैलानीच्या यात्रेला, १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी, गुरुवारी शेगावला जाणाऱ्यांना तिचाच आधार. चालकाला कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते ठाऊक असायचं. रात्री-बेरात्री बाळंतीण घेऊन तो निघायचा आणि भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी व्हायचं. २०२१ च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि पाच महिन्यांहून जास्त चालला. त्या काळात खेड्यापाड्यांतला माणूस तालुक्याला कशाने पोचला, हे वेगळं सांगायला नको. इतकं काम केलेली गाडी वारसा नाही, तर मग वारसा कशाला म्हणायचं?

या गाड्या आजही रस्त्यावर धावाव्यात, असं मी म्हणत नाही. त्यांचा धूर मला नको. दहाच्या जागी वीस माणसं कोंबलेली जीप घाटात उलटली की काय होतं, ते या जिल्ह्याने पाहिलंय. ब्रेकचा भरवसा नाही, पट्टा नाही, दाराला कडी नाही. तिच्यात बसणाऱ्याला दुसरा पर्याय नव्हता, हेही तिच्या इतिहासातच येतं. ज्याला जुन्या गाडीची आठवण गोड वाटते त्याने ही बाजूही आठवावी. जपणं वेगळं, चालवणं वेगळं. मी जपण्याबद्दल बोलतोय.

जुन्या गाड्यांची ओढ बाजाराने मात्र बरोबर ओळखली आहे. जावा २०१८ मध्ये परत आली, येझदी २०२२ मध्ये. चेतक २०२० मध्ये विजेवर आली, लुना २०२४ मध्ये. थार तर जिपेचा चेहरा घेऊनच उभी आहे. नावं परत आली, गोल दिवे परत आले. मोठी गोष्ट मात्र परत आली नाही. चेतकचं एका बाजूचं झाकण काढलं की इंजिन समोर दिसायचं. तिरकी करून पेट्रोल खेळवलं, प्लग काढून घासला, की ती पुन्हा चालायची. १९७२ ची लुना तर सायकलच्या दुकानातही दुरुस्त होई. दूधवाल्याची एम-८० दोन्ही बाजूंना कॅना लटकवून नांगरटीच्या वाटेने जाई आणि बिघडली तर तिचा मालकच ती उघडी. आजच्या गाडीत बिघाड कुठे आहे ते कंपनीचं यंत्र लावल्याशिवाय कळत नाही. गावचा मिस्त्री हातात पाना घेऊन नुसता बघत राहतो.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे. जी गाडी सर्वसामान्य माणसाला परवडली, जिने एका प्रदेशाचं चलनवलन बदललं आणि जी गावच्या मिस्त्रीला उघडता-जोडता आली, ती क्लासिक. तिचं वय, तिचा रंग मूळचा की नंतरचा, हे सगळं नंतर बघू. या कसोटीवर कमांडर उतरते, कापूस जिनिंगला नेणारी आणि लग्नाची माणसं नवरीच्या गावी पोचवणारी बजाज टेम्पोची मॅटॅडोर उतरते, अ‍ॅम्बेसेडर उतरते, लुना उतरते. शेताच्या बांधावर अजूनही सुरू होणारा जुना बी-२७५ ट्रॅक्टर तर सगळ्यांच्या आधी उतरतो. कोट्यवधींना लिलावात जाणारी आणि आयुष्यात कधी चिखलात न गेलेली विलायती मोटार उतरत नाही. तिला सुंदर म्हणा, दुर्मीळ म्हणा. माझी हरकत नाही.

सरकारची दिशा मात्र उलटी आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षं झालेल्या गाडीला रस्त्याचा कर माफ होतो. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारसायकलीच्या नोंदणी नूतनीकरणाला २,००० रुपये आणि हलक्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. पर्यावरण कर वेगळा. प्रदूषण कमी करायचं असेल तर रोज धावणाऱ्या जुन्या गाडीला जड शुल्क लावा, हे समजू शकतं. पण वडिलांची आठवण म्हणून ओट्यावर उभी असलेली आणि दिवाळीला एकदा सुरू होणारी स्कूटर आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी डिझेल गाडी यांत या नियमाला काही फरकच दिसत नाही. एवढं शुल्क भरण्यापेक्षा लोक गाडी भंगारात देतात. कागद संपले की गाडी संपते.

सरकारी गाड्यांचं तर वेळापत्रकच लागलंय. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. त्यात एसटीच्या बस आल्या, तहसीलच्या जिपा आल्या, आरोग्य केंद्रांच्या रुग्णवाहिका आल्या. या गाड्या लिलावात निघतात आणि वजनावर जातात. एकही मागे राहत नाही.

अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मुंबईत आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. विदर्भातल्या प्रवासी वाहनांचं कुठे आहे? बुलढाणा जिल्ह्यासाठी मागणी फार मोठी नाही. एसटीच्या बुलढाणा विभागाने लिलावातून एक लाल बस बाजूला काढावी आणि जिल्ह्यातल्याच एखाद्या आगाराच्या आवारात छपराखाली उभी करावी. जिल्हा प्रशासनाने एक काळीपिवळी, एक मॅटॅडोर आणि एक जुना ट्रॅक्टर मालकांकडून विकत घ्यावा; भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले तरी लोक आनंदाने देतील. आयटीआयच्या आणि शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी जुन्या मिस्त्रींना सोबत घेऊन या गाड्या दुरुस्त कराव्यात. त्या मुलांना डिझेल इंजिन पुस्तकापेक्षा तिथे चांगलं कळेल, आणि मिस्त्रींच्या हातातलं कसब पुढे जाईल. मिस्त्रींना मानधन द्यावं. फुकट बोलावू नये.

नियमातही एक दुरुस्ती हवी. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांसाठी ‘वारसा वाहन’ असा वेगळा वर्ग करावा: वय ३० वर्षं, इंजिन बदललेलं असलं तरी चालेल, रोजच्या रस्त्यावर परवानगी नाही, शुल्क नाममात्र. आपल्या खासदार-आमदारांनी हे मांडावं. त्यांच्यातल्या कित्येकांचा पहिला प्रचार याच जिपांतून झाला आहे.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी एक काम. घरात जुनं आरसी बुक, परमिटचा कागद, गाडीसमोर उभं राहून काढलेला फोटो असेल तर रद्दीत घालू नका. गावात काळीपिवळी चालवलेला, किंवा तिचं इंजिन बांधलेला माणूस असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसा. कोणता रस्ता, किती भाडं, कोणत्या साली कोणती गाडी घेतली, ती कोणाला विकली, हे वहीत लिहून घ्या. त्याचं वय बघता हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.